टाकीखालची धूळ

आमच्या भाऊजींइतका कशावरच विश्वास नसलेला माणूस बदलापूरच्या पूर्वेला झाला नाही आणि पश्चिमेलाही झाला नाही. देवावर त्यांचा विश्वास होता, पण देवापुढे ठेवायच्या नारळावर नव्हता. दुकानात ते दोन नारळ घेत, एक तिथल्या तिथे फोडायला लावत आणि तो चांगला निघाला तर त्याच ढिगातला दुसरा देवळात नेत. पुड्यातलं पहिलं बिस्किट मोडून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय दुसरं चहात बुडत नसे. एका दिवाळीला मी त्यांना हौसेने छत्री दिली, तर ती त्यांनी माझ्यासमोर इतक्या वेळा उघडली आणि मिटली की शेवटी तिची एक काडी लटकली. मी हिरमुसलो. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सुहास, घरातच मोडली हे बरं झालं की नाही? रस्त्यात मोडली असती तर मी तुला शिव्या घातल्या असत्या." माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले तेव्हा सगळे पाहुणे ताईकडे बघत होते आणि नवरदेव मात्र तिने केलेली चकली मोडून, खिडकीच्या उजेडात धरून, तिच्या आत बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "आत पोकळी बरोबर आली आहे." हाच त्यांचा होकार. आमच्या वडिलांना काही कळेना, पण बाकीच्यांनी पेढे वाटले. ताई पुढे जन्मभर सांगायची, "मला कुठे बघितलं यांनी? चकलीला बघितलं." आता भाऊजी नाहीत आणि त्यांच्या घरात बिस्किटं न मोडता खाल्ली जातात. मला ती गोड लागत नाहीत.

हा स्वभाव त्यांनी आईच्या पोटातून आणला होता की नोकरीतून, हे सांगणं कठीण आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात रासायनिक कंपन्यांसाठी लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या बनत, तिथे त्यांची सबंध नोकरी क्वालिटीत गेली. वेल्डरने सांधा जोडला की त्यातली पट्टी कापून घ्यायची, मशीनमध्ये घालून वाकवायची, कुठे तडा जातो का बघायचं आणि मगच मालावर शेरा मारायचा, हे त्यांचं काम. "डोळ्यांना चांगलं दिसतं ते चांगलं असतंच असं नाही. शंका असेल तर तोड," हे वाक्य ते इतरांनी रामराम म्हणावं तितक्या सहज म्हणत. त्यांचा आणखी एक नियम होता. सांधा वरूनच नापास दिसला तर त्याची पट्टी ते काढत नसत. तो तसाच बाजूला टाकायचा. "जे कळलंय ते तोडून बघायला वेळ कोणाकडे आहे?" असं म्हणत. बदलापुरात मांजर्लीला त्यांनी घर घेतलं, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड बसवायचा होता. वेल्डरने काम संपवून चहा मागवला, तेवढ्यात भाऊजी वर गेले, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शंका आहे. तोड." त्याने तोडून पुन्हा जोडला. भाऊजींना पुन्हा शंका. दिवस मावळायला आला तेव्हा वेल्डर काच कपाळावर चढवून म्हणाला, "साहेब, टाकीच ठेवायचीय ना वर? का विमान उतरवायचंय?" पण स्टँड असा झाला, की उद्या इमारत पडली तरी टाकी जागची हलायची नाही. गच्चीवर गेलं की भाऊजी त्या स्टँडला एक चापट मारून यायचे.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात किती मोडतोड करील या भीतीने ताई धास्तावली होती. म्हणून बदलापुरातल्या एका वाचनालयात व्याख्यान आहे असं कळल्यावर तिनेच त्यांना माझ्याबरोबर पिटाळलं. विषय लघुग्रह आणि धूमकेतू. बोलायला पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या तरुण बाई आल्या होत्या. सूर्याभोवती ग्रह तयार झाले तेव्हा जे दगडगोटे आणि बर्फाचे गोळे वापरायचे राहिले, तेच हे लघुग्रह आणि धूमकेतू, असं त्यांनी सांगितलं. घर बांधून झाल्यावर अंगणात विटा आणि वाळू उरते, तसं. त्या विटा बघितल्या की घर कशाचं बांधलंय ते कळतं. लघुग्रह एकमेकांवर आदळतात, धूमकेतू सूर्याजवळ येताना झिजतात, आणि त्यांची धूळ पृथ्वीवर सारखी पडत असते. हवेत शिरताना ती वितळते आणि तिचे वाळूच्या कणाहून बारीक गोळे होतात. चिमूटभर धूळ आणायला लोक लघुग्रहापर्यंत यान पाठवतात आणि इकडे ती फुकट आपल्या गच्चीवर पडून असते, असं बाई म्हणाल्या, तशी भाऊजींनी हात वर केला. "आमच्या गच्चीवरसुद्धा?" बाई हसून म्हणाल्या, "हो काका, तुमच्याही. पण तुमच्याकडे सापडणं अवघड आहे. कारखान्यांच्या भागात वेल्डिंगच्या ठिणग्यांचे अगदी तसेच गोळे असतात. शोधायचं तर कारखान्यांपासून लांब जा." भाऊजी उभेच होते. "म्हणजे वरची धूळ अंबरनाथ-बदलापूर टाळून पडते काय?" सभागृह हसलं. भाऊजी हसत नव्हते. त्यांच्या आयुष्याचा अपमान झाल्यासारखा चेहरा करून ते खाली बसले, आणि परत येताना रिक्षात मला म्हणाले, "त्या लांब जा म्हणतात. मी इथेच काढून दाखवतो. एकच काढतो, पण इथलाच."

मग सुरू झालं ते आमचं झाडूपर्व. कसं करायचं ते त्यांनी व्याख्यान दिलेल्या मॅडमना फोन करकरून विचारून घेतलं. गच्चीच्या उताराला साचलेली धूळ ब्रशने गोळा करायची, धुवायची, वाळवायची, चाळायची, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून तो धुळीवरून फिरवायचा, आणि जे चिकटेल ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सूक्ष्मदर्शक त्यांनी टीव्हीला जोडला होता. ताई मालिका बघायला बसावी आणि पडद्यावर काळी ढेकळं यावीत, असं बरेच दिवस चाललं. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो, खाली माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भाऊजींनी सुरुवात माझ्या गच्चीपासून केली. पहिल्याच दिवशी चुंबकाला गोळ्यांचा घोसच लागला. काळे, गुळगुळीत, चकचकीत, एकापेक्षा एक गोल, फक्त बहुतेकांच्या एका बाजूला इवलासा उंचवटा. भाऊजींनी बरोबर आणलेल्या सूक्ष्मदर्शकातून मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला पेढे आणायला पिटाळलं. ज्या माणसाने अख्खी नोकरी वेल्डिंग तपासण्यात घालवली, तो आनंदाच्या भरात एवढं विसरला, की माझ्या गच्चीच्या बरोबर खाली एका सिंधी गृहस्थाचं ग्रिल बनवायचं वर्कशॉप आहे आणि तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठिणग्या उडतात. पेढा द्यायला मी त्यालाच आधी गेलो. तो वर आला, भिंगातून बघितलं, आणि पोट धरून हसायला लागला. "अरे साईं, ये तो मेरा माल है! आपको चाहिए तो बोरी भर के देता हूँ, रोज झाडू मारके फेंकता हूँ!" पेढा मात्र त्याने खाल्ला. भाऊजी ते गोळे कागदावर ओतून कितीतरी वेळ बघत बसले. मला वाटलं आता खचणार. तर म्हणाले, "बरं झालं. नापास माल कसा दिसतो ते आता नीट कळलं."

यात ताई कशी ओढली गेली, ते सांगायला हवं, कारण खरं काम तिचंच होतं. भाऊजी धूळ बादलीत घालून ढवळायचे आणि पाण्याबरोबर सगळंच मोरीत सोडून द्यायचे. ताईला ते बघवेना. आमच्या आईने तिला तांदूळ रोळायला शिकवलं होतं. पातेल्यात पाणी घालून हलक्या हाताने हेलकावे द्यायचे, तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या पातेल्यात जातात आणि खडे तळाशी राहतात. आता तयार पिशवीतले तांदूळ येतात, रोळायला कोणी बसत नाही. एके दिवशी ताईने बादली त्यांच्या हातातून ओढून घेतली. "सरका. खडा काढायचाय ना? मग ढवळताय काय, ताक आहे का ते?" आणि मोरीपाशी पाट मांडून तिने ती गच्चीवरची घाण अशी रोळली, की माती, कबुतराची पिसं, झाडाची पानं सगळी वाहून गेली आणि पातेल्याच्या तळाशी चमचाभर जड काळी वाळू राहिली. भाऊजींनी पातेलं दोन्ही हातांत धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिचं काहीतरी मोडून न बघता पास केलं. त्या दिवसापासून रविवारी सकाळी ताई धूळ रोळायची आणि तोंडाने अखंड बोलत राहायची. "लोकांच्या बायका मॉलमध्ये जातात. मी लोकांच्या गच्च्या धुते." पण पातेलं दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसे.

मग आम्ही गच्च्या शोधत फिरलो. सोसायट्यांचे सेक्रेटरी आम्हाला मोबाईल टॉवरवाले समजून हाकलून देत. एकदा वांगणीला, कारखान्यांपासून लांब म्हणून, एका शेतकऱ्याच्या पत्र्यावर शिडी लावून भाऊजी चढले, तर आतून म्हातारी बाहेर येऊन ओरडली, "काय रं, पत्र्याव सोना परलाय का?" भाऊजी वरूनच म्हणाले, "सोन्यापेक्षा जुनं आहे, आजी." म्हातारीने थोडा विचार केला. "मंग आमचा हाय त्यो, निस्ता बघून ठेव." तिथेही काही मिळालं नाही. शेजारीच स्वस्त घरांच्या इमारती उठत होत्या आणि सळ्या कापायचं मशीन करकरत होतं. भाऊजींनी कपाळाचा घाम पुसला. म्हणाले, "सुहास, लांब म्हणून काही उरलेलंच नाही रे."

शेवटी ते आपल्याच इमारतीच्या गच्चीवर परतले. टाकीच्या स्टँडखालचा कोपरा त्यांनी पक्का केला, कारण गच्चीचा उतार तिकडे आहे आणि पावसाच्या पाण्याबरोबर सगळी धूळ तिथेच येऊन बसते. मी म्हटलं, "पण भाऊजी, तुमच्या स्टँडचं वेल्डिंग तिथेच झालं होतं ना?" तर म्हणाले, "त्याला किती पावसाळे झाले. सगळं धुऊन गेलं असेल." त्या कोपऱ्याभोवती त्यांनी खडूने चौकोन आखला आणि तिथे कोणी पापड वाळत घातले की भांडायला जाऊ लागले. त्याच वर्षी नदी मांजर्लीत शिरली. तळमजल्यावर गळ्याएवढं पाणी, गाड्या बुडलेल्या, आणि सगळी इमारत गच्चीवर. लोक रडत होते, कोणाचे फ्रिज गेले, कोणाचे मुलांचे दाखले गेले. आणि अशा वेळी आमचे भाऊजी त्या चौकोनापुढे हात पसरून उभे! "इथे बसू नका. इथला नमुना घ्यायचाय." ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना दंडाला धरून ओढलं, तरी हलेनात. तेवढ्यात तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन वर आली. गच्चीभर माणसं, आणि वाऱ्यापावसाला आडोसा तेवढ्या टाकीखालीच. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, आणि वाकून स्वतःच्या पायाने खडूची रेघ पुसून टाकली. मग ताईची जुनी चादर स्टँडला बांधून आडोसा करून दिला. आणि या घोळक्यात, भिजून चिंब झालेले असताना, त्या सुनेला म्हणाले, "घाबरू नकोस. हा सांधा मी तोडून बघितलेला आहे."

त्या पुरानंतर त्यांना जो खोकला लागला तो गेला नाही. सगळ्यांना वाटलं, भिजले म्हणून. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की कारखान्यातली धूळ आणि धूर वर्षानुवर्षं फुप्फुसात बसत गेला आहे, आत सगळं घट्ट होत चाललंय, आणि यावर औषध नाही. भाऊजींना कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी तो काळा फोटो डॉक्टरांच्या हातातून घेतला, खिडकीला लावला आणि खिशातलं भिंग काढलं. दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी होती. एकेक बाजू सावकाश बघून झाली. म्हणाले, "हे सगळे आपल्या कंपनीचे. यात एकही वरचा नाही." डॉक्टरांना कळलं नाही, मला कळलं आणि मी जिन्यात येऊन उभा राहिलो. परत आत गेलो तर भाऊजींचा डॉक्टरांशी वाद चालला होता. "तुकडा काढून तपासा ना." डॉक्टर म्हणत होते, "काका, तुमच्या श्वासाला ते झेपणार नाही." "मग शेरा कशाच्या आधारावर मारताय? नमुना न घेता?" शेवटी डॉक्टरांनी हात जोडले. आपल्या शरीराचा तुकडा तोडून बघायला निघालेला पेशंट त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असावा.

त्यानंतर भाऊजी जिना चढले नाहीत. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे. अशाच एका थांबण्यानंतर त्यांनी मला सांगितलं, "सुहास, आत एवढी धूळ साठलीय. एक कण वरचा बघून जाऊ दे." दुसरं काहीच त्यांनी मागितलं नाही. मुलं नव्हती, कोणाचं काही राहिलं नव्हतं. एवढं एकच राहिलं होतं. मग दर रविवारी मी दुकान बंद ठेवून मांजर्लीला जाऊ लागलो. मी गच्चीवर, हातात ब्रश, शर्टाच्या खिशात मोबाईल, आणि खाली खुर्चीत बसून भाऊजी व्हिडिओ कॉलवर हुकूम सोडतायत. "भिंतीला लागून. ब्रश आडवा. आडवा म्हणजे आडवा, झेरॉक्सवाल्या!" नंतर ताई रोळायची, मी चुंबक फिरवायचो, ते टीव्हीकडे बघायचे. नापास, नापास, नापास. ते नापास म्हणताना मला दर वेळी त्यांच्या छातीचा तो फोटो आठवायचा आणि ताई मोरीत जास्त जोराने पाणी ओतायची.

टाकीखालचा कोपरा आम्ही अगदी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. पुराच्या वेळी तिथे माणसं बसली, म्हणून पुन्हा धूळ साचायची भाऊजी वाट बघत होते. त्या धुळीतून तो निघाला. काळा, आणि त्याच्या अंगावर पिंपळाच्या वाळक्या पानावर असतात तशा बारीक शिरा. टीव्हीवर तो जांभळाएवढा दिसत होता. मॅडमनी फोटोत दाखवला होता अगदी तसा. ताई ओल्या हातांनी बाहेर आली आणि उभीच राहिली. मी ओरडलोच, "भाऊजी!" "जरा फिरव," म्हणाले. मी सुईने फिरवला. एका बाजूला इवलासा उंचवटा होता. त्यांनी पुन्हा फिरवायला लावला, पुन्हा त्याच बाजूला थांबवलं. मग ताईकडे बघितलं. ती पदराला हात पुसत पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. "पाठवून दे मॅडमना," भाऊजी म्हणाले.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. स्पीकर लावला. "काका, बाहेरून खूप आशादायक वाटतोय. पण आतून बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. राळेत बसवून अर्धा घासावा लागेल, आत निकेल आहे का ते बघावं लागेल, वरच्या कणांत ते असतं. मग तो आख्खा राहणार नाही. चालेल?" ताई म्हणाली, "चालेल म्हणजे काय? कापा की! जन्म गेला यांचा तेच करण्यात." भाऊजींनी हात वर केला. व्याख्यानात केला होता तसाच. "नको मॅडम. तसाच राहू दे." मी चेष्टेने म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आणि न तोडता?" "असू दे रे," ते म्हणाले. "एक तरी असू दे." मग श्वास घेऊन ताईला म्हणाले, "वरचाच आहे. तुझ्या हातचा आहे." ताई आत गेली. मी पेढे आणले. भाऊजींनी पेढा मोडून बघितला नाही, सरळ तोंडात टाकला. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं, पण आनंदात माणूस आंधळाच असतो.

ते गेले ते दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला मी त्या कणाची गोष्ट सांगितली. इथला माणूस, आयुष्यभर वेल्डिंगच्या धुरात उभा राहिला, आणि शेवटी आकाशातून आलेला कण त्याला स्वतःच्या गच्चीवर सापडला. बायका डोळे पुसत. पाहुणे निघून गेले, घर रिकामं झालं, तशी ताई मला म्हणाली, "मॅडमना फोन लाव. कापा म्हणावं."

मला रागच आला. "ताई, अगं त्यांची शेवटची इच्छा होती ती!"

"इच्छा कसली? तू त्यांना ओळखत नव्हतास का? शंका असली की तोडायचे. चांगला वाटला तरी तोडायचे. नारळ काय, छत्री काय, माझी चकलीसुद्धा सोडली नाही. न तोडता बाजूला काय ठेवायचे सांग मला."

वरूनच नापास दिसलेला माल ते तोडत नसत, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं.

"तो उंचवटा दिसला तेव्हाच त्यांना कळलं होतं," ताई म्हणाली. "मला कळू नये म्हणून नको म्हणाले. मी एवढं रोळलं, माझ्या हाताला काहीतरी लागलं असं वाटावं, म्हणून खोटा शेरा मारून गेले. उभ्या जन्मात पहिला."

"मग राहू दे ना तसाच. तुला माहीत आहे, तर कापायचं कशाला?"

"त्यांच्या शेऱ्यावर मला खोटं नको आहे. रोज फोटोपुढे दिवा लावते मी. एवढी एक गोष्ट मध्ये नको." तिने डोळ्यांना पदर लावला नव्हता. भाऊजी गेल्यापासून ती रडलीच नव्हती, आणि त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता. "लाव फोन."

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. "काकू, आत निकेल नाहीये. नुसतं लोखंड आहे, मँगनीज आहे. वेल्डिंगचाच आहे, काकू. जुना आहे. सॉरी." मला वाटलं, ताई आता मोडणार. तिने शांतपणे विचारलं, "खरा असता तर तुम्ही ठेवून घेतला असता ना?" "हो, संस्थेच्या संग्रहात गेला असता." "आणि हा?" मॅडम अडखळल्या. "हे आम्ही ठेवत नाही." "मग पाठवून द्या," ताई म्हणाली. "टाकीखालचा आहे तो. त्या टाकीच्या स्टँडचा सांधा यांनी दिवसभर तोडायला लावला होता, तेव्हाची ठिणगी आहे. आमच्या घरचा आहे."

कुरिअरने तो आला. नखाएवढी राळेची चकती आणि तिच्या मधोमध कापलेला कण, नुसत्या डोळ्यांना टिंबाएवढाही दिसत नव्हता. ताईने मला सूक्ष्मदर्शक टीव्हीला जोडायला लावला. पडद्यावर एक काळं कडं आलं, जाड, गोल, आणि मध्ये काहीच नाही. ठिणगी उडताना आत हवा राहून गेली असणार, असं मॅडमनी सांगितलं होतं. ताई पडद्याच्या अगदी जवळ गेली. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर पडला होता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आत पोकळी बरोबर आली आहे."

आणि मग ती खाली बसली आणि रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिलो. टीव्ही बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.